काऊन?
शून्य घात, उणे घात आणि आपण

(मिहानजवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका रविवारी दिलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)

साथींनो, आजचा विषय बाहेर फळ्यावर लिहिला तेव्हा दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "तू कवी माणूस. कविता म्हण, नाहीतर मिहानच्या नोकऱ्यांवर बोल. सातवी-आठवीतले घातांक काय घेऊन बसला?" त्याचं खोटं नाही. विषय खूप आहेत. ज्यांच्या जमिनीवर हे मिहान उभं राहिलं त्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगावच्या पोरांचं पुढं काय झालं, यावर एक अख्खी सभा होईल. पण आज मी जे बोलणार आहे ते त्याच सभेतलं भाषण आहे असं मला वाटतं. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

मी डॉकवर काम करतो. आमच्या डॉकला समुद्र नाही. गोदामाची पाठ, छातीला लागेल एवढा ओटा, आणि ओट्याला मागून चिकटून उभे राहणारे ट्रक. माल उतरवायचा, पॅलेटवर लावायचा, आत ढकलायचा. आतला बाहेर काढायचा. जवळच विमानं उतरतात, त्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे. दहेगावला आयआयएम झालं, इकडं एम्स झालं. आपल्या डोळ्यांदेखत झालं. आमच्या ओट्यावरून त्या फाटकांपर्यंत सायकलनं जाता येतं. पण आत शिकायला जायचं तर वाट शाळेच्या गणितावरून जाते, आणि आपली पोरं त्या वाटेवरून दहावीला घसरत नाहीत. ती सातवी-आठवीतच घसरतात. दहावीला फक्त निकाल लागतो.

आता झालं काय ते सांगतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका भाऊची मुलगी आठवीत आहे. नाव सांगत नाही. एका संध्याकाळी वही घेऊन आली. म्हणाली, "दादा, पाचाचा शून्य घात एक कसा काय होते? शून्य वेळा गुनलं त शून्यच आलं पायजे ना?"

मी मॅट्रिक पास. परीक्षेत मीही 'कोणत्याही संख्येचा शून्य घात १' असं लिहिलं होतं आणि त्याचा मार्कही घेतला होता. तोंड उघडलं आणि म्हणालो, "नियम आहे."

ती म्हणाली, "सर पन तेच म्हनते. मी काऊन म्हनून इचारलं, त म्हने काऊन-बिऊन काही नाही, लिहून घे. तुमच्याच्यानं गनित होत नसते म्हने."

त्या 'तुमच्या'मध्ये कोण कोण येतं ते त्या पोरीला बरोबर कळलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला कळतं ते. मला शाळेचा राग आला. मग रात्री झोप येईना, कारण लक्षात आलं की तिला 'नियम आहे' म्हणून गप्प बसवणारा दुसरा माणूस मी होतो. तिच्याच वस्तीतला. जयभीम म्हणणारा.

'असं आहे म्हणून आहे.' हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकतोय का? पाणवठा तुमचा नाही. का? असं आहे म्हणून. देवळात येऊ नका. का? नियम आहे. १८५५ साली मुक्ता साळवे नावाची मांगाची मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास, तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि धर्मालाच जाब विचारला. तिनं 'काऊन?' विचारलं. आमच्या या पोरीचं वय तेच आहे.

आणि फळ्याचं म्हणाल तर एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर वर्गात गोंधळ उडाला. सवर्ण पोरांचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. ते बाटतील म्हणून पोरं धावली आणि डबे बाजूला केले. मग भीमरावांचा हात फळ्याला लागला. त्याच माणसानं १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर असा ग्रंथ लिहिला की अर्थशास्त्रवाल्यांना आजही तो उघडावा लागतो. म्हणून सांगतो, फळा आपला आहे. गणित आपलं आहे. आता गणितच करू.

तुम्हा प्रत्येकाला एक-एक कागद दिलाय. हातात घ्या. अजून घडी घालू नका.

किती थर आहेत? एक. आता मधोमध घडी घाला. दोन थर. पुन्हा घडी. चार. पुन्हा. आठ. पुन्हा. सोळा. प्रत्येक घडीला थर दुप्पट. घड्या तीन घातल्या तेव्हा २ × २ × २ म्हणजे ८. हे लिहायचं कसं? २ चा ३ रा घात. खालचा २ हा पाया, डोक्यावर लहान अक्षरात लिहिलेला ३ हा घातांक. घातांक म्हणजे घड्या किती, एवढंच समजा.

आता घड्या तीन घातल्या, आणि वर आणखी दोन घातल्या, तर एकूण पाच. म्हणजे २ चा ३ रा घात गुणिले २ चा २ रा घात बरोबर २ चा ५ वा घात. ८ चोक ३२. गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. हा 'नियम' कोणी लादला का? तुमच्या हातातल्या कागदानं सांगितला. उलटही बघा. पाच घड्यांतल्या दोन उलगडल्या, उरल्या तीन. ३२ भागिले ४ बरोबर ८. भागाकार करताना घातांकांची वजाबाकी होते.

आता सगळा कागद सरळ करा. घड्या किती? शून्य. थर किती? शून्य आहेत का? कागद हवेत उडून गेला का? एक थर आहे. तुमच्या हातात आहे. २ चा शून्य घात १.

गणिताच्या भाषेत तेच असं. ८ भागिले ८ किती? १. आणि ८ म्हणजे २ चा ३ रा घात, म्हणून घातांकांची वजाबाकी केली तर ३ वजा ३, शून्य. एकच भागाकार, दोन वाटांनी केला. एका वाटेनं १ आला, दुसऱ्या वाटेनं २ चा शून्य घात आला. मग दोन्ही एकच. पाचाचंही तेच. १२५, २५, ५. प्रत्येक पायरीला पाचनं भागत उतरलो. तिसरा घात, दुसरा घात, पहिला घात. आणखी एक पायरी उतरा. ५ भागिले ५ बरोबर १. ती पायरी शून्याची.

पण त्या पोरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिचं म्हणणं, शून्य वेळा गुणलं तर शून्य यायला पाहिजे. हे म्हणणं येडेपणाचं नाही. ही बेरजेची सवय आहे. बेरजेत काहीच केलं नाही, म्हणजे काय मिळवलं? शून्य मिळवलं. जे होतं ते तसंच राहिलं. गुणाकारात काहीच केलं नाही, म्हणजे कितीनं गुणलं? एकनं. जे होतं ते तसंच राहिलं. शून्यानं गुणणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. शून्यानं गुणणं म्हणजे होतं नव्हतं ते पुसून टाकणं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून घाताचा हिशेब १ पासून सुरू करायचा. १ ला तीनदा पाचनं गुणा, १२५. दोनदा गुणा, २५. एकदा गुणा, ५. एकदाही गुणू नका. १ आपल्या जागेवर बसलेला आहे.

चळवळीतलं उदाहरण देतो. एका माणसाला एक गोष्ट कळली. त्यानं ठरवलं, दर आठवड्याला ज्याला कळलं आहे त्यानं एका नव्या माणसाला सांगायचं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी दोघं, दुसऱ्याच्या चौघं, तिसऱ्याच्या आठ. दहाव्या आठवड्याच्या शेवटी १०२४. आणि शून्याव्या आठवड्याला? कोणीच नव्हतं असं कसं म्हणता? सांगणारा एक होता. तो नसता तर पुढं दुप्पट कशाची झाली असती?

आता शून्याच्या खाली उतरू.

कागद पुन्हा घ्या. मघाशी थर मोजले. आता थराचा आकार बघा. एक घडी घातली, थर झाले दोन, पण प्रत्येक थर अर्ध्या कागदाएवढा. दोन घड्या, चार थर, प्रत्येक पाव. तीन घड्या, आठ थर, प्रत्येक आठवा हिस्सा. थर दुपटीनं वाढतात, आकार निम्म्यानं घटतो. आणि थर गुणिले आकार केलं की दर वेळी तोच अख्खा एक कागद. वाढणाऱ्याचे घात १, २, ३. घटणाऱ्याचे घात उणे १, उणे २, उणे ३. ३ आणि उणे ३ यांची बेरीज शून्य, आणि शून्य घात म्हणजे एक. कागद तोच, एक.

भागाकारानंही तपासा. ४ भागिले ३२ म्हणजे आठवा हिस्सा. घातांकांनी २ वजा ५, उणे ३. म्हणून २ चा उणे ३ घात म्हणजे १/८. पुस्तकात याला गुणाकार व्यस्त म्हणतात. ८ चा गुणाकार व्यस्त १/८, कारण दोघांचा गुणाकार १ होतो.

इथं पोरं हमखास चुकतात. २ चा उणे ३ घात लिहायला सांगितला की लिहितात उणे ८. नाहीतर उणे ६. काऊन? कारण पुस्तकातला शब्द आहे 'ऋण घातांक'. ऋण म्हणजे कर्ज. हा शब्द जुना आहे. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला, त्यात शून्यापेक्षा मोठ्या संख्यांना धन म्हटलं आणि उणे संख्यांना ऋण. एक मालमत्ता, दुसरं कर्ज. आपल्या घरातल्या पोरांना धन ठाऊक नाही, ऋण चांगलं ठाऊक आहे. बचतगटाचा हप्ता, फायनान्सवाला दारात. म्हणून ऋण ऐकलं की पोरगं समजतं, उत्तर शून्याच्या खाली गेलं, आता देणं लागलं. तसं नाही. घातांक ऋण आहे, उत्तर ऋण नाही. १/८ हा धनच आहे, एकाहून लहान आहे एवढंच. घातांकातलं उणे म्हणजे दिशा. अधिक म्हणजे गुणत वर जा. उणे म्हणजे भागत खाली उतर. कितीही खाली उतरलात तरी वाटा लहान होत जाईल, पण तो कधी शून्य होणार नाही आणि कर्जही होणार नाही.

ब्रह्मगुप्ताचं नाव निघालं म्हणून सांगतो. भारतानं जगाला शून्य दिलं असं म्हणून छाती फुगवणारे खूप भेटतात. दिलं असेल. जगाला दिलं, अरबांना दिलं, युरोपला दिलं. शेजारच्या वस्तीला दिलं नाही. वस्तीतल्या माणसाला फक्त किंमत शून्य दिली. आता ते शून्य आपण आपल्या हातानं घेतोय.

आणि आपल्याकडं काहीच नव्हतं असंही समजू नका. आजीला विचारा. रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, त्याच्या आधीची गोष्ट. रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. एक, अर्धा, पाव, आठवा, सोळावा. २ चा शून्य घात, उणे १, उणे २, उणे ३, उणे ४. धान्याची मापं घ्या. देशावर दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, आणि शेराच्या खाली अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं, त्याच्या निम्मं कोळवं, त्याच्या निम्मं निळवं. शेर मधोमध उभा, तो एक, म्हणजे शून्य घात. वर दुप्पट, खाली निम्मं. मजुरी धान्यात मिळायची तेव्हा ज्या बाईला चिपट्या-मापट्याचा हिशेब तोंडपाठ होता तिला मापात फसवणं सोपं नव्हतं. तिला उणे घातांक येत होते. नाव तेवढं ठाऊक नव्हतं, कारण नावं शाळेत होती आणि शाळा बंद होती.

आता माझ्या डॉकवर या. आमच्याकडं कागदाच्या पेट्या येतात. झेरॉक्सच्या दुकानात असतो तो ए-४ कागद. ते ४ काय आहे, कधी विचारलं? मी कितीतरी पेट्या पाठीवर घेतल्या, पण विचारलं नव्हतं. त्या पोरीच्या प्रश्नानंतर विचारलं. त्या मापांत सर्वांत मोठा अख्खा कागद ए-०. त्याचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध कापला की ए-१. तो कापला की ए-२. मग ए-३, मग ए-४. म्हणजे ए-४ हा एक चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. मिलिमीटर पूर्ण धरल्यामुळे केसभर फरक पडतो, तेवढा सोडा. २ चा उणे ४ घात. ते ४ म्हणजे घातांक आहे, पुढचं उणे कोणी लिहीत नाही एवढंच. आणि ए-० म्हणजे कागद नाही असं नव्हे. ए-० म्हणजे एकदाही न कापलेला अख्खा कागद. शून्य घात म्हणजे अख्खा एक, याचा पुरावा झेरॉक्सवाल्याच्या भाषेत पडलेला होता.

पुढं ऐका. पेटीवर लिहिलेलं असतं ८० जीएसएम. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. ए-४ त्याचा सोळावा हिस्सा, म्हणून एका कागदाचं वजन ५ ग्रॅम. एका रिमात ५०० कागद, अडीच किलो. दहा रिमांची पेटी, पंचवीस किलो, वर पुठ्ठा वेगळा. पॅलेटवर चाळीस पेट्या लावल्या की एक टन. मी त्या रात्री हा हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी पेटी काट्यावर ठेवून बघितली. बरोबर निघाला. मित्रांनो, मी कविता लिहितो, पण तो आनंद मला कवितेनंही क्वचित दिलाय. जे वजन इतके दिवस नुसतं पाठीला कळत होतं ते डोक्याला कळलं.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तिकडं येतो. सिकलसेल. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासींत जास्त आहे, हे लपवून उपयोग नाही. या खोलीत असं घर क्वचितच असेल ज्याच्या नात्यात कोणी हाडं दुखतात म्हणून रात्ररात्र ओरडलेलं नाही. लोक काय म्हणतात? नशीब. करणी. मागच्या जन्माचं. बाईच्या माहेरचं रक्त खराब.

यातलं काहीही नाही. आई आणि बाप, प्रत्येकाजवळ या गुणाच्या दोन प्रती असतात. कार्डावर 'एएस' लिहिलेलं असेल तर एक प्रत चांगली, एक सिकलची. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक प्रत जाते. दोघंही वाहक असतील तर आईकडून सिकलची प्रत जाण्याची शक्यता अर्धी, बापाकडून जाण्याची अर्धी. दोन्हीकडून जाण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा. २ चा उणे १ घात गुणिले २ चा उणे १ घात. घातांकांची बेरीज करा, उणे २. म्हणजे पाव. चारात एक. एवढंच ते 'नशीब' आहे. २ चा उणे २ घात.

आणि नीट ऐका, ही शक्यता प्रत्येक मुलाला नव्यानं लागू होते. पहिली तिन्ही चांगली निघाली म्हणून चौथं आजारी निघेलच असं नाही. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असंही नाही. दोन मुलं झाली आणि दोघंही आजारी, याची शक्यता उणे २ आणि उणे २, उणे ४. सोळात एक. ए-४ कागद हातात घ्या आणि बघा, अख्ख्यातला तेवढा हिस्सा. लहान आहे, पण शून्य नाही. मी सांगितलं ना, उणे घात कधी शून्य होत नाही. ज्यांच्या घरी असं झालं त्यांना विचारा.

यात आई आणि बाप दोघांचा वाटा सारखा आहे, अर्धा आणि अर्धा. मग फक्त बाईच्या माहेराला शिव्या कशाला? रक्तही खराब नाही. वाहकाला तीव्र मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तपासणी होते, कार्ड मिळतं. लग्नाआधी पत्रिका बघणाऱ्यांनी ती पत्रिका जाळा आणि हे कार्ड बघा. दोघंही 'एएस' असाल तर डॉक्टरला भेटून बोला. पण कार्ड वाचता आलं पाहिजे, आणि ते वाचायला जे गणित लागतं ते सातवी-आठवीतलं आहे. जे तिला 'लिहून घे' म्हणून सांगितलं तेच.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण पोरांना फसवायचं नाही. २ चा शून्य घात १ हे कोणी जमिनीतून खणून काढलेलं नाही. ते माणसांनी ठरवलेलं आहे. सुरुवातीला घात म्हणजे एकच संख्या पुन्हा पुन्हा गुणणं, दोनदा, तीनदा. 'शून्य वेळा' आणि 'उणे तीन वेळा' याला तिथं अर्थ नव्हता. शून्य आणि उणे गावकुसाबाहेर होते. १४८४ मध्ये फ्रान्समध्ये निकोला शुके नावाच्या माणसानं आपल्या हस्तलिखितात शून्य आणि उणे घातांक वापरले. ते हस्तलिखित छापायला १८८० उजाडलं. जवळजवळ चारशे वर्षं. ज्यांच्या कविता साभार परत येतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. मग १५४४ मध्ये जर्मनीत मिखाएल श्टिफेल, १६५५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस, असं करत करत उणे घातांक गणितात रुजले.

मग त्यांनी मनाला येईल ते ठरवलं का? नाही. त्यांच्यापुढं एकच अट होती. गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते हा जो कायदा १, २, ३ ला लागू आहे, तो शून्याला आणि उण्यालाही तसाच लागू झाला पाहिजे. ही अट पाळायची तर शून्य घाताला १ शिवाय दुसरी किंमत देताच येत नाही. शून्य देऊन बघा. ८ गुणिले २ चा शून्य घात, घातांक ३ अधिक शून्य म्हणजे ३, उत्तर ८ यायला पाहिजे. पण शून्य घाताची किंमत शून्य धरली तर ८ गुणिले शून्य, शून्य येतं. कायदा मोडला. १ धरला तर कायदा टिकला.

नियमानियमांत फरक असतो तो हा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं त्यातले नियम माणूस बघून बदलत होते. गुन्हा तोच, पण ब्राह्मणाला एक शिक्षा आणि शूद्राला दुसरी. हा नियम अंक बघून बदलत नाही, आणि सर्वांना आत घेता यावं म्हणून शून्याची किंमत काय ती ठरते.

तुम्ही म्हणाल, पुस्तकात लिहिलंय 'पाया शून्य नसावा'. म्हणजे शून्याला पुन्हा बाहेर ठेवलंच ना? हाच प्रश्न त्या पोरीनं केला. कागदाच्या घड्या घालून झाल्यावर म्हणाली, "मंग दादा, शून्याचा उणे एक घात?" तो म्हणजे १ भागिले शून्य. अशी कोणती संख्या आहे जिला शून्यानं गुणलं की १ येतो? कुठलीच नाही. म्हणून उत्तर नाही. "अन् शून्याचा शून्य घात?" भागाकाराच्या वाटेनं गेलं तर तिथं शून्य भागिले शून्य येतं, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच, म्हणून कुठलंही उत्तर बसतं, एक ठरत नाही. ब्रह्मगुप्तानं शून्य भागिले शून्य बरोबर शून्य लिहून ठेवलं होतं. आजचं गणित ते मानत नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं चुकलं आणि पुढच्यांनी ते विचारून दुरुस्त केलं. कोणी म्हटलं नाही की आचार्यांनी सांगितलंय, लिहून घ्या.

म्हणजे मर्यादा गणितातही आहे. पण तिचं कारण सांगता येतं, आणि ते कारण आठवीतली पोरगी तपासून बघू शकते. कारण न सांगता घातलेली बंदी वेगळी आणि कारण दाखवून आखलेली मर्यादा वेगळी. आपली लढाई बंदीशी आहे.

शेवटचं. या खोलीत दहावी झालेले वीस-बावीस जण बसलेत. भाषणं ऐकून टाळ्या वाजवणं खूप झालं. प्रत्येकानं वस्तीतलं एक पोरगं घ्या, सहावी ते आठवीतलं. रविवारचे दोन तास. कागद, दोरी, काडेपेटी, जे असेल ते घ्या. पोरगं काऊन म्हणालं की 'नियम आहे' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, मला येत नाही, आपण दोघं मिळून शोधू. मला हे म्हणायला दोन दिवस लागले. लाज वाटली. पण ते म्हटलं तेव्हाच ती पोरगी वही उघडून माझ्याशेजारी बसली.

त्या शाळेत ती अजून जाते. सर तेच आहेत. मागच्या आठवड्यात तिनं वर्गात कागदाची घडी घालून शेजारणीला उणे घात समजावला. म्हणजे आता दोघी झाल्या.

पुढच्या रविवारी दहाचे उणे घात घेऊ. पैसा, मिलिमीटर, रक्ताच्या रिपोर्टावरची मापं. येताना घरातला जुना रिपोर्ट असेल तर घेऊन या.

जयभीम.